रांगेत थांबवलेलं परिपत्रक

एका मंगळवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास मी एका जिवंत माणसाला तेरा खोल्यांमध्ये एकाच वेळी मारलं. हातात शस्त्र नव्हतं. समोर एक कळफलक होता, त्याची ‘एंटर’ची कळ जरा सैल झाली होती, आणि शेजारी स्टीलच्या ताटलीत पोहे होते. मी कळ दाबली, आज पोह्यांवर जिरावन मसाला जरा जास्तच पडलाय असं मनाशी म्हटलं, आणि पुढचा घास घेतला.

ही गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत, गच्चीवरच्या गप्पांत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे वाट बघणाऱ्या अनोळखी बायकांनासुद्धा सांगितली आहे. मी उठून उभी राहते, पळून दाखवते, बडे बाबूंचा आवाज काढते. लोक डोळे पुसत हसतात. पण ती मी नेहमी एका ठरावीक ठिकाणी संपवते. त्याच्या पुढचं सांगत नाही, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही. इथे ते लिहायचा विचार आहे, जमलं तर.

मी इंदूरच्या एका जुन्या मराठी संस्थेच्या शाळेत आहे. लागले तेव्हा संगणक शिकवत होते. मग एकेक यंत्र माझ्या गळ्यात पडत गेलं आणि पन्नाशीला पोचेपर्यंत शाळेतल्या प्रत्येक वायरची मी आई झाले. शाळेत चौदा प्रिंटर आहेत. ते सगळे एका सर्व्हरला जोडलेले, आणि तो सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या खोलीतला एक जुना, काळा डबा. पूर्वी त्या खोलीत तबले आणि हार्मोनियम ठेवत. डब्याला खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, माऊस नाही. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारा एक चौकोन, आणि आपण टाइप करायची आज्ञा.

काम सोपं आहे. कुणी काही छापायला पाठवलं की ते आधी सर्व्हरवर येतं आणि त्या त्या प्रिंटरच्या रांगेत उभं राहतं. रांग हलवायची, अडवायची, एखाद्याला बाजूला उभं करायचं, एखाद्याला हाकलून द्यायचं, हे सगळं मी त्या काळ्या पडद्यावरून करते. लोकांना ती करणी वाटते. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. कुणी आलं की मी भुवया आक्रसून दोन-तीन ओळी भरभर टाइप करायचे, त्यातली एक बहुतेक वेळा आजची तारीख विचारणारी असायची. मग हळूच म्हणायचे, “जा आता, येईल तुमचा कागद.” आणि तो यायचा.

आमचे बडे बाबू, म्हणजे मुख्य लिपिक, या करणीचे पहिले भक्त. तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस. त्यांची एक सवय होती. ते सगळं आधी लिहून ठेवत. निकाल लागायच्या आधी अभिनंदनाचं परिपत्रक तयार. पाहुणे येतील की नाही याची खात्री नसली तर आभाराची दोन भाषणं तयार, एक आल्याचं, एक न आल्याचं. “ऐन वख्ती हात कापतो मॅडम,” ते म्हणत, “डोकं थंड असतं तेव्हाच लिहून घेतलं पाहिजे.”

त्यांच्यासाठी मी एक छोटी सोय केली होती. परिपत्रक एकदा पाठवलं की ते चौदाही प्रिंटरांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं, प्रत्येक ठिकाणी एक प्रत. हवं तर लगेच छापायचं, नाहीतर ‘थांबव’ म्हणून रांगेतच थोपवून ठेवायचं, आणि वेळ आली की सोडायचं. बडे बाबूंना तर स्वर्ग मिळाला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही ठेवलं तर येणारा-जाणारा वाचतो. रांगेत थांबवलेला कागद मात्र कुणाला दिसत नाही. तो आहे आणि नाहीही.

आता मोठे सर. ते संस्थेचे अध्यक्ष, पंच्याऐंशीच्या पुढचे, आणि त्याआधी पस्तीस वर्षं आमचे गणिताचे मास्तर. मीही त्यांचीच विद्यार्थिनी, म्हणून मला ते आजही “काय गं” म्हणून हाक मारतात आणि माझे पाय आपोआप जुळतात. त्या मंगळवारच्या पाच आठवडे आधी त्यांना छातीत दुखू लागलं म्हणून दवाखान्यात नेलं होतं. दोन दिवस डॉक्टर काही बोलत नव्हते. घरच्यांनी नागपूरहून, पुण्याहून माणसं बोलावून घेतली होती. मग कसं कोण जाणे, सर वळले. बसू लागले, जेवू लागले, नर्सला पाढे विचारू लागले. बडे बाबूंनी सगळ्या शाळेत पेढे वाटले.

तर तो मंगळवार. सर त्या दिवशी पहिल्यांदाच शाळेत येणार होते, अकरा वाजता. मुख्याध्यापिका कामासाठी महूला गेल्या होत्या, त्या अकरापर्यंत परतणार होत्या. शिपाई, ज्याला सगळे भिया म्हणतात, सरांची केबिन पुसत होता. पाच आठवडे बंद असलेला पंखा, दिवा, प्रिंटर त्याने सुरू करून ठेवला होता.

सकाळी लाइट दोनदा गेली आली. सर्व्हर धडपडत उठला, पण रांगा सगळ्या अडकून पडल्या. चाचणी परीक्षेचे पेपर छापायचे होते, शिक्षक माझ्या खोलीच्या दारात उभे. मी पोह्यांची ताटली घेऊन बसले आणि एकेक रांग सुरू केली. मग ‘एलपीस्टॅट’ टाइप केलं. ही आज्ञा रांगेत काय काय उभं आहे ते सांगते, एका कामाला एक ओळ. कुठला प्रिंटर, कामाचा क्रमांक, कुणी पाठवलं, केवढं आहे, कधी पाठवलं. आत काय लिहिलंय ते मात्र सांगत नाही.

पेपर सगळे निघून गेले होते. चौदा ओळी तेवढ्या शिल्लक होत्या. चौदा प्रिंटर, चौदा ओळी, सगळ्या बडे बाबूंच्या नावावर. मला वाटलं, बिचाऱ्यांचं सकाळचं परिपत्रक लाइटीमुळे अडकलं. सरांच्या स्वागताचं असणार! चौदा वेळा टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी एकाच ओळीत सगळ्यांना सोडायची आज्ञा लिहिली. मला अशा ओळी लिहायला फार आवडतं. एक हात वर उचलून, सतारीची तार छेडावी तशी कळ दाबली.

ओळीच्या शेवटच्या रकान्यात तारीख होती, पाच आठवड्यांपूर्वीची. मी ती वाचली नाही.

वर कुठेतरी प्रिंटर गुरगुरला. मग दुसरा. मग लायब्ररीतला, ज्याचा आवाज खोकल्यासारखा आहे. मी समाधानाने ऐकत होते.

तीन-चार मिनिटांनी बडे बाबू आले. आले म्हणजे दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. हातात एक कागद. चेहऱ्यावरचा रंग उडालेला.

“काय झालं?”

“मॅडम, हे कुणी सोडलं?”

“मी. अडकलं होतं ना तुमचं?”

“अडकलं नव्हतं. मी अडकवलं होतं.”

त्यांनी कागद पुढे केला. मी वाचला. ‘अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की आपल्या संस्थेचे’, इथपर्यंत एक ओळ. पुढच्या ओळीत मोठ्या सरांचं पूर्ण नाव, ठळक अक्षरात. मग, ‘यांना आज देवाज्ञा झाली. सर्व वर्गशिक्षकांनी आपापल्या वर्गात दोन मिनिटे मौन पाळून शाळा सोडावी.’

मी चमचा खाली ठेवला.

“हे काय आहे, बडे बाबू?”

“त्या संध्याकाळचं. त्यांना आत नेलं ना, दवाखान्यातून फोन आला होता, रात्र निघणार नाही म्हणून. मी म्हटलं आत्ताच लिहून घेऊ.”

“आणि नंतर काढलं का नाही?”

“कसं काढू? ते काढायला पुन्हा उघडावं लागलं असतं.” ते चौकटीला धरून खाली बसले. “मला आठवायचंच नव्हतं, मॅडम. पेढे वाटले नं मी.”

मी घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी. सर अकराला येणार. डॉक्टरांनी घरच्यांना बजावून सांगितलं होतं, आणि घरच्यांनी आम्हाला: जिना नको, गर्दी नको, आणि कुठलाही धक्का नको. कुठलाही. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र आलं. सर हातातला कागद डोळ्यांजवळ नेतायत, वाचतायत, आणि त्यावर लिहिलेलं खरं होतंय. तारीखसुद्धा बदलायला नको. ‘आज.’

“माइकवर सांगा ना,” बडे बाबू म्हणाले. “सगळ्या वर्गांना एकदम.”

“काय सांगू? सर गेलेले नाहीत, असं? गेटवर उभे असले तर?”

मी पडद्याकडे वळले. साधी आज्ञा तीनदा चुकली. पूर्ण झालेल्या कामांची यादी काढली. तेरा कागद निघाले होते. चौदावा, सरांच्या केबिनमधला, अजून छपाईत आहे असं दिसत होतं, खाली सूचना: ट्रेमध्ये कागद नाही. माझ्या तोंडून “देवा” असं काहीतरी निघालं असावं. त्या कामाचा क्रमांक घेऊन मी ‘कॅन्सल’ दिलं. ओळ गेली.

“एक वाचला. आता तेरा,” मी म्हटलं. “तुम्ही खालचा मजला. मी वरचा. पळा.”

बावन्नाव्या वर्षी साडी नेसून जिना चढत पळणं हे मी पंगतीत फार छान करून दाखवते. तेव्हा मात्र दर पायरीला वाटत होतं की मागून गाडीचा हॉर्न ऐकू येईल. प्रयोगशाळेतला कागद ट्रेमध्येच पडला होता. तो घेतला. संगणक खोलीतला आणि शेजारच्या चित्रकलेच्या वर्गातला घेतला. लायब्ररीत बाई तो वाचत होत्या, चष्मा कपाळावर, डोळ्यांत पाणी.

“अहो, कालच तर त्यांच्या घरी फोन केला होता मी. गवारीची भाजी खाल्ली म्हणाले.”

“खाल्लीच आहे. आजही खातील. कागद द्या आणि कुणाला बोलू नका.”

“म्हणजे?”

“चुकून छापलंय. द्या हो!”

त्यांनी कागद दिला आणि मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की ती नजर मला अजून स्वप्नात दिसते.

शिक्षकांच्या खोलीतला कागद तिथे नव्हता. भिया तिथेच कप गोळा करत होता.

“इथला कागद कुठे आहे?”

“वो? वो तो मैं लगा आया, मैडम. नोटिस बोर्ड पे. सबको पता पड़ना चहिए नी.”

“काढ! आत्ता काढ! ते जिवंत आहेत!”

भियाने कप खाली ठेवले. “जिंदा हैं? फिर किसने मार दिया?”

“मी,” मी म्हटलं, आणि पुढे पळाले.

सातवी ब. शेजारच्या छोट्या प्रिंटरवर निघालेला कागद वर्गशिक्षिकेच्या हातात होता. ती नवीन मुलगी, महाराष्ट्रातून नुकतीच इथे आलेली, कामाला अतिशय चोख. बाकी सगळ्या शाळेत कागदावर चर्चा चालू होती, हिने मात्र लगेच आज्ञा पाळली होती. चाळीस मुलं उभी. माना खाली. हात पुढे बांधलेले. इतकी शांतता मी त्या वर्गात ना आधी कधी पाहिली ना नंतर. मी दारातून तिला खुणा करत होते आणि ती घड्याळाकडे बघत मला बोटाने ‘एक मिनिट राहिलं’ असं दाखवत होती.

आणि मागून आवाज आला.

“काय गं, इथे काय करतेस?”

मी वळले नाही. वळता येईना. काठीचा टक टक आवाज माझ्या बाजूने पुढे आला, आणि मोठे सर दारात उभे राहिले. पांढरा सदरा, गळ्यात मफलर, अंगाने अर्धे झालेले. साडेनऊपासूनच त्यांना घरी चैन पडेना म्हणून ते मुलाला घेऊन आधीच आले होते. मुलगा खाली गाडी लावत होता. जिना चढू नका हे त्यांना सांगणारं जिन्यापाशी कुणी नव्हतंच, कारण ज्यांनी सांगायचं ते आम्ही सगळे पळत होतो.

त्यांनी वर्गाकडे पाहिलं. चाळीस मुलं, माना खाली. त्यांचा चेहरा उजळला.

“अरे वा,” ते हळूच मला म्हणाले, “शिस्त आहे.”

पहिल्या बाकावरच्या मुलीने कुजबूज ऐकून मान वर केली. तिने सरांना पाहिलं. तिचं तोंड उघडलं, आणि मग तिने अशी किंकाळी फोडली की बाहेर निंबावरचे पोपट उडाले. सगळ्या माना वर झाल्या. वर्गशिक्षिका फळ्याला टेकली.

सर आत गेले, त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. “घाबरू नकोस बेटा. मी आता कुणाला छडी मारत नाही.”

तेवढ्यात मी शिक्षिकेच्या हातातला कागद ओढून पदराखाली घेतला. ती माझ्याकडे बघत होती, ओठ पांढरे पडलेले. “सर वरून खाली जातील तेवढा वेळ,” मी तिच्या कानात म्हटलं, “मुलांना काहीही बोलू देऊ नका. काहीही. गाणं म्हणायला लावा.”

सरांना हात देऊन मी एकेक पायरी खाली आणलं. त्यांचा तळवा थंड होता आणि कागदासारखा हलका. केबिनमध्ये बसवलं. त्यांचा मुलगा आला, पाण्याचा ग्लास आला. मी बाहेर आले तर बडे बाबू भिंतीला टेकून उभे होते, हातात चुरगळलेला गठ्ठा. आम्ही मोजले. सात त्यांच्याकडे, पाच माझ्याकडे, एक भियाने नोटीस बोर्डावरून आणला, टाचणीसकट. तेरा.

“झालं,” मी म्हटलं.

“झालं,” बडे बाबू म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. मलाही. दोघंही भिंतीला धरून, आवाज न करता, पोट दुखेपर्यंत हसलो.

आणि आतून सरांचा आवाज आला. “अरे, हा लाल दिवा का लुकलुकतोय? कागद संपलाय याच्यातला. घाल रे भिया.”

माझं हसू तिथेच थिजलं. रांगेतून मी काम काढलं होतं खरं. पण त्याआधी ते सर्व्हरवरून निघून प्रिंटरच्या पोटात गेलं होतं. प्रिंटरला स्वतःची आठवण असते, थोडीशी, एका पानापुरती. कागद नाही म्हणून ते पान त्याने पोटात धरून ठेवलं होतं, आणि कागद मिळाला की तो ते बाहेर काढणार होता. एवढं मला माहीत होतं. वीस वर्षं मी हे इतरांना शिकवते.

मी आत धावले. भियाने ट्रे आत सरकवला होता. यंत्र गुरगुरलं. कागदाचं टोक बाहेर यायला लागलं होतं. मी टेबलाखाली वाकले आणि प्लग उपटला.

सगळं शांत झालं. कागद अर्धा बाहेर, अर्धा आत अडकलेला.

“काय झालं गं?”

“ठिणगी,” मी टेबलाखालून म्हटलं. “ठिणगी दिसली सर. शॉर्टसर्किट असेल.”

बाहेर आलेला कागद उपडा होता. सरांनी पुढे वाकून बोटाने त्याची कड वर उचलली, चष्मा सावरला, आणि त्यांना सवय होती तसं मोठ्याने वाचलं.

“अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की आपल्या संस्थेचे…”

पुढची ओळ आत होती.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “कोण गेलं?”

पाहुण्यांना मी गोष्ट इथे संपवते. ‘कोण गेलं?’ म्हणते, हात पसरते आणि खाली बसते. लोक टाळ्या वाजवतात.

तिथे मात्र टाळ्या नव्हत्या. मी टेबलाला धरून उभी राहिले, हातात प्लग. माझ्या डोक्यात एकही नाव येईना, मेलेल्या माणसाचंही नाही.

“बोल ना. कोण?” आणि मग त्यांचा चेहरा बदलला. “तो गेला का?” त्यांनी आपल्या जुन्या जोडीदाराचं नाव घेतलं. ते आणि सर, दोघांनी मिळून ही संस्था उभी केलेली. ते महूला राहतात, वर्षभर अंथरुणाला खिळलेले. “गेला? आणि मला कुणी सांगितलं नाही? मला धक्का बसेल म्हणून?” त्यांचे डोळे भरून आले. हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. “वहिनींना फोन लावून दे मला. आत्ता.”

मुलगा पुढे आला. त्याला काहीच माहीत नव्हतं, तो माझ्याकडे बघत होता. सर नंबर शोधत होते. मी तोंड उघडलं की खोटं बोलेन आणि महूला एका माणसाचं खोटं मरण जाईल. नाही उघडलं तरी जाईल. खरं बोलले तर…

“सर,” दारातून बडे बाबू म्हणाले, “फोन नका लावू. ते तुमचं आहे.”

मी सरांच्या छातीकडे बघत होते. सदऱ्याचं वरचं बटण वर-खाली होत होतं. मी तेवढंच बघत होते, ते थांबतं का ते.

“माझं?”

“हो सर. मी लिहिलं होतं. मॅडमची चूक नाही.”

सरांनी मोबाइल टेबलावर ठेवला. प्रिंटरचा कागद धरून हळूहळू ओढला. तो चरचरत बाहेर आला. खालचा भाग मळकट, काळी पूड सांडल्यासारखा, पण नाव वाचता येत होतं. त्यांनी ते वाचलं. या वेळी मनातल्या मनात.

“कधी लिहिलंस?”

“तुम्हाला आत नेलं, त्याच संध्याकाळी.”

“त्याच संध्याकाळी,” सर म्हणाले. ते मुलाकडे वळले. “मला तर तुम्ही म्हणालात, गॅस होता. पित्त चढलं होतं म्हणून ठेवून घेतलं.”

मुलगा खाली बघत होता. “बाबा, तेव्हा डॉक्टरच…”

“इतकं होतं?”

सर रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले असते तर किती बरं झालं असतं. ते खुर्चीत मागे सरकले, आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. ज्या माणसाच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने आमचा वर्ग चूप व्हायचा, तो माणूस खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरून बसला होता.

तसेच बसून ते बडे बाबूंना म्हणाले, “दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं का लिहायला?”

“मी लिहू दिलं नसतं, सर.”

सरांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, “हे अजून आहे का तुझ्या त्या डब्यात?”

“नाही सर. काढलं सगळं.”

“नक्की?”

“नक्की.”

“दाखव.”

आम्ही त्यांना जिन्याखालच्या खोलीत नेलं. स्टुलावर बसवलं. माझ्या पोह्यांवर माशी बसली होती, मी ताटली बाजूला केली. ‘एलपीस्टॅट’ टाइप केलं. पडद्यावर काही आलं नाही. पुढच्या ओळीत चौकोन लुकलुकायला लागला.

“काय म्हणालं?”

“काही नाही म्हणालं, सर. रांगेत काही नसलं की ते काही म्हणत नाही.”

“मग तसं लिहीत का नाही? ‘काही नाही’ असं?”

“त्याची तशी पद्धत नाही, सर.”

“म्हणजे त्याला विचारल्यावर ते गप्प बसलं, तर ते चांगलं.”

“हो सर.”

ते पडद्याकडे बघत राहिले. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मला पटवून देता येत नव्हतं. भुवया आक्रसून दोन ओळी भरभर टाइप करायचा मला धीर झाला नाही.

“पुन्हा विचार.”

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

“असं एकदम नको,” सर म्हणाले, गणिताच्या तासाला म्हणत तसं, पण आवाज बारीक. “एकेक प्रिंटर घे. चौदा आहेत ना? चौदाही विचार.”

मी एकेक नाव टाइप करत गेले. लायब्ररी. प्रयोगशाळा. शिक्षकांची खोली. प्रत्येक वेळी कळ दाबली की सरांचा श्वास अडायचा, चौकोन खालच्या ओळीत गेला की सुटायचा. ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. बडे बाबू दारात उभे राहून तोंडातल्या तोंडात मोजत होते. चौदावी त्यांची केबिन होती. मी टाइप केलं, कळ दाबली, आणि आम्ही सगळे थांबलो.

काही आलं नाही.

“झालं सर,” मी म्हटलं आणि पडदा बंद करायला हात पुढे केला.

“राहू दे,” ते म्हणाले. “जरा वेळ राहू दे चालू.”

वर सातवी ब कसलंसं गाणं बेसूर म्हणत होती. सर स्टुलावर बसून त्या लुकलुकणाऱ्या चौकोनाकडे बघत राहिले, आणि आम्ही त्यांच्याकडे.